तपकिरी रंग कोणत्या पेशीचा? ओरल लायकेन प्लॅनस आणि पेशीमृत्यूची प्रथिने

एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षाचे सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) विद्यापीठाकडे पाठवण्याची तारीख जवळ आली, की मुखविकृतिशास्त्राच्या विभागात एक विषय हमखास पुढे येतो : ओरल लायकेन प्लॅनस या तोंडातील चिवट दाहाच्या आजारात बीसीएल-२ आणि पी-५३ या, पेशीचे जगणे-मरणे ठरवणाऱ्या, प्रथिनांचे प्रमाण. कधी बीसीएल-२ च्या जोडीला बॅक्स असते, कधी कॅस्पेस-३, कधी फास आणि त्याचा लायगँड. विषयाचा सांगाडा मात्र तोच राहतो. जुने पॅराफिन ब्लॉक विभागाच्या कपाटात असतात, अँटीबॉडी विकत मिळते, निरोगी श्लेष्मल त्वचेचे थोडे नमुने अक्कलदाढ काढताना मिळून जातात आणि शेवटी टक्केवारीच्या तक्त्याखाली पी-व्हॅल्यू लिहिता येते. विषयाला माझा आक्षेप नाही. पेशीमृत्यूची प्रथिने हा या आजाराचा गाभाच आहे, असे माझे मत आहे. माझे भांडण आहे ते त्या टक्केवारीशी. कारण या आजारात एकाच चौकटीत दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी असतात, त्यांतील एक मरते आणि दुसरी मरायला तयार होत नाही, आणि प्रथिन असल्यामुळे स्लाइडवर तपकिरी रंगलेल्या सगळ्या पेशींची एकत्र बेरीज केली की नेमकी हीच गोष्ट तक्त्यातून निसटते.

आजाराची ओळख थोडक्यात करून देते. लायकेन प्लॅनस हे नाव लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ इरॅस्मस विल्सन यांनी १८६९ मध्ये रूढ केले, आणि त्यातील बारीक पांढऱ्या रेषांचे वर्णन पॅरिसमध्ये लुई फ्रेडरिक विकहॅम यांनी १८९५ मध्ये केले. त्या रेषा आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. त्वचेवर हा आजार मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा नडगीवर जांभळट, सपाट, खाजऱ्या पुळ्यांच्या रूपाने येतो आणि बहुधा एक-दोन वर्षांत ओसरतो. तोंडात आला की मात्र वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो. प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण ढोबळमानाने एक टक्क्याच्या आसपास आहे. स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा अधिक आढळतो आणि बहुतेक रुग्ण तिशी ते साठी या वयातले असतात. जाळीदार प्रकारात दोन्ही गालांच्या आत पांढऱ्या रेषांचे जाळे दिसते आणि त्याचा त्रास जवळजवळ नसतो, त्यामुळे तो बऱ्याचदा दात दाखवायला आलेल्या माणसाच्या तोंडात योगायोगाने सापडतो. झिजलेल्या किंवा व्रण पडलेल्या प्रकाराचे तसे नाही. तेथे हिरड्या सोलल्यासारख्या लालभडक होतात, भाकरीबरोबरचा ठेचा तर सोडाच, साध्या वरणातली फोडणीही झोंबते, आणि ‘तोंड आलंय’ या एका वाक्यावर आधीच्या दवाखान्यांतून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांचे बरेच कोर्स झालेले असतात.

बायोप्सीचा तुकडा नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात पाहिला, तर निदान बहुतेक वेळा कमी भिंगाखालीच होते. एपिथेलियमच्या, म्हणजे वरच्या आवरणाच्या, अगदी खाली लिम्फोसाइट या प्रतिकारक पेशींचा दाट निळा पट्टा पसरलेला असतो, आणि त्या पट्ट्याची वरची कड एपिथेलियमला चिकटून, त्यात घुसून, तळथराची सरळ रेषा पुसून टाकते. भिंग वाढवले की तळथरातील पेशी फुगलेल्या, विरघळल्यासारख्या दिसतात. त्यांच्यामध्ये आणि किंचित खाली, संयोजी ऊतीत, गुलाबी रंगाचे एकजिनसी गोल ठिपके सापडतात, ज्यांत केंद्रक एकतर आक्रसून काळे पडलेले असते किंवा नसतेच. हे सिव्हाट बॉडी, म्हणजे मरून गेलेल्या केराटिनोसाइट (एपिथेलियम बनवणाऱ्या) पेशींचे अवशेष. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आशिल सिव्हाट यांचे नाव त्यांना मिळाले तेव्हा ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ म्हणजे पेशीचा ठरल्याप्रमाणे होणारा मृत्यू, ही संकल्पनाच अस्तित्वात नव्हती. ती कर, वायली आणि करी या तिघांनी अ‍ॅबर्डीनमध्ये १९७२ साली मांडली. म्हणजे या आजारातील पेशीमृत्यूची खूण रोगनिदानतज्ज्ञ अनेक वर्षे पाहत होते, तिच्यामागची यंत्रणा नंतर कळली.

ही यंत्रणा आत्महत्येची आहे, पण तिचा हुकूम बाहेरून येतो. निळ्या पट्ट्यातील ज्या लिम्फोसाइट तळथराला भिडलेल्या किंवा एपिथेलियममध्ये शिरलेल्या असतात, त्यांत सीडी-८ जातीच्या मारक टी-पेशींचा भरणा असतो. तळथरातील केराटिनोसाइटच्या पृष्ठभागावरील एमएचसी वर्ग-१ या, पेशीतले तुकडे बाहेर दाखवणाऱ्या, रेणूवर ठेवलेला कुठला तरी प्रथिनतुकडा या टी-पेशींना परका वाटतो. तो तुकडा नेमका कोणता, याचा शोध अजून लागलेला नाही, आणि हा आजार स्वप्रतिकारक आहे असे ठामपणे म्हणण्यातली अडचणही तीच आहे. एकदा ओळख पटली, की मारण्याचे तीन रस्ते उपलब्ध असतात. पहिल्यात टी-पेशी परफोरिन आणि ग्रॅन्झाइम-बी सोडते. परफोरिन समोरच्या पेशीच्या पटलाला छिद्र पाडते आणि त्या वाटेने आत गेलेले ग्रॅन्झाइम-बी कॅस्पेस-३ या कापणाऱ्या विकराला थेट जागे करते. दुसऱ्यात टी-पेशीवरील फास-लायगँड केराटिनोसाइटवरील फास ग्राहीला येऊन बसते. तिसऱ्यात टीएनएफ-अल्फा हे दाहाचे संदेशवाहक प्रथिन आपल्या ग्राहीमार्फत तोच निरोप पोहोचवते. तिन्ही रस्ते शेवटी कॅस्पेसच्या साखळीला मिळतात, आणि त्यानंतर पेशीचा सांगाडा व डीएनए आतल्या आत पद्धतशीर कापले जातात.

याशिवाय एक आतला रस्ता आहे, आणि प्रबंधांतली लाडकी प्रथिने त्याच्यावर बसलेली आहेत. बीसीएल-२ चे जनुक १९८० च्या दशकाच्या मध्यावर फॉलिक्युलर लिम्फोमा या कर्करोगात सापडले, जिथे १४ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन ते अवाजवी चालू राहते. तोपर्यंत ओळखीची असलेली कर्करोगकारक जनुके पेशींना विभागायला लावत. बीसीएल-२ तसे काही करत नाही, ते पेशीला फक्त मरू देत नाही, हे मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉ, सुझान कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी १९८८ मध्ये दाखवले. १९९३ मध्ये स्टॅनली कोर्समायर यांच्या प्रयोगशाळेतून त्याचे विरोधी भावंड बॅक्स पुढे आले. बॅक्स मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या पटलाला भोके पाडते, तेथून सायटोक्रोम-सी गळते आणि कॅस्पेस-९ मार्गे पुन्हा कॅस्पेस-३ जागे होते. बीसीएल-२ ही भोके पडू देत नाही. या दोघांचे परस्पर प्रमाण पेशीचा कल ठरवते. हे घराणे किती जुने आहे याची कल्पना यावी म्हणून एकच गोष्ट सांगते. सी. एलेगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीच्या शरीरात घडणाऱ्या १०९० पेशींपैकी नेमक्या १३१ पेशी ठरल्याप्रमाणे मरतात, आणि त्या मरणाला लगाम घालणारे सीईडी-९ हे प्रथिन बीसीएल-२ चे जवळचे नातेवाईक आहे. त्या कृमीवरील कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे नोबेल मिळाले.

आता स्लाइडकडे वळते, कारण सगळा घोळ तिथे होतो. ब्लॉकमधून चार मायक्रॉन जाडीचा काप मायक्रोटोमवर घ्यायचा, लेप दिलेल्या काचेवर चढवायचा, मेण काढायचे, सिट्रेट बफरमध्ये उकळून फॉर्मॅलिनने झाकलेली प्रथिने उघडी करायची, हायड्रोजन पेरॉक्साइडने ऊतीतले स्वतःचे पेरॉक्सिडेज निकामी करायचे, मग बीसीएल-२ ची अँटीबॉडी, त्यावर दुसरा टप्पा, शेवटी डीएबी हे तपकिरी रंग देणारे रसायन. ज्या पेशीत प्रथिन आहे ती तपकिरी होते आणि बाकी सगळे हिमॅटॉक्सिलिनने निळे राहते. प्रत्येक खेपेला सोबत टॉन्सिलचा एक काप लावायचा असतो. टॉन्सिलमधील फॉलिकलभोवतीचे कडे बीसीएल-२ ने गडद तपकिरी होते आणि आतले जर्मिनल सेंटर कोरे राहते, कारण तेथील बी-पेशींना निवड लागेपर्यंत मरण्याची मुभा असावी लागते. कडे तपकिरी आणि मध्य कोरा असे दिसले, तरच त्या दिवसाच्या बाकीच्या स्लाइड वाचायच्या. मध्यही तपकिरी असेल तर बॅच फेकून द्यायची. हा नियम मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते आणि पाळला जातो की नाही हे स्वतः पाहते.

लायकेन प्लॅनसच्या कापात बीसीएल-२ लावले की पहिल्या नजरेत भरपूर तपकिरी दिसते, आणि ‘बीसीएल-२ वाढलेले आहे’ असे लिहायला हात शिवशिवतो. जरा थांबून पाहावे. तो तपकिरी रंग जवळजवळ सगळा एपिथेलियमखालच्या पट्ट्यात आहे, म्हणजे लिम्फोसाइटमध्ये. एपिथेलियमचा तळथर, जो निरोगी तोंडात हलका का होईना बीसीएल-२ दाखवतो, तो इथे फिका किंवा पूर्ण कोरा असतो. शेजारच्या कापावर बॅक्स लावले तर एपिथेलियमच्या पेशी रंग धरतात. म्हणजे मारणारे बीसीएल-२ ने सुरक्षित आणि मरणारे त्याविना उघडे, असे चित्र एकाच चौकटीत उभे राहते. ‘एकूण तपकिरी पेशी भागिले एकूण पेशी’ असे सूत्र वापरणाऱ्याच्या तक्त्यात हे दोन्ही आकडे एकमेकांना खाऊन टाकतात. एका प्रबंधात बीसीएल-२ वाढलेले आणि दुसऱ्यात घटलेले असे परस्परविरोधी निष्कर्ष निघतात, तेव्हा मी आधी त्यांचे मोजणीचे पान उघडते. बऱ्याचदा दोघांनी पाहिले एकच असते, मोजले वेगळे असते.

आपल्याकडच्या कापांत आणखी एक पेच आहे, ज्याबद्दल परदेशी पाठ्यपुस्तके फारसे बोलत नाहीत. भारतीय रुग्णांच्या तोंडात मुळातच रंगद्रव्य अधिक असते, आणि लायकेन प्लॅनससारख्या दाहानंतर ते आणखी वाढते. तळपेशी मरताना त्यांच्यातले मेलॅनिन खाली सांडते आणि मॅक्रोफेज पेशी ते गिळून बसतात. गालाच्या आतल्या पांढऱ्या रेषांभोवती जो राखाडी-काळसर डाग दिसतो तो याचाच. हे मेलॅनिन सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसते आणि डीएबीही तपकिरीच. भरीस भर म्हणजे तळथरात बसलेल्या मेलॅनोसाइट पेशी बीसीएल-२ साठी निसर्गतःच पॉझिटिव्ह असतात. तेव्हा तळथरात दिसलेला तपकिरी ठिपका केराटिनोसाइटमधले बीसीएल-२ आहे, मेलॅनोसाइटमधले बीसीएल-२ आहे की नुसते मेलॅनिन आहे, हे डीएबीच्या स्लाइडवर छातीठोकपणे सांगणे कठीण जाते. उपाय अवघड नाहीत. लाल रंग देणारे एईसी वापरता येते, किंवा हिमॅटॉक्सिलिनऐवजी गिम्सा लावला तर मेलॅनिन हिरवट-निळे होते आणि डीएबी तपकिरीच राहते. किमान अँटीबॉडी न घातलेला एक काप शेजारी ठेवला, तरी रंगद्रव्य कुठे होते ते कळते. तरीही यातले काहीच न करता तळथराचे आकडे छापलेले दिसतात, आणि अशा आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही.

मोजणीतली दुसरी अडचण काळाची आहे. अ‍ॅपॉप्टोसिस सुरू झालेली पेशी काही तासांत तुकडे होऊन शेजारच्या पेशींच्या पोटात जाते, त्यामुळे तुटलेला डीएनए दाखवणाऱ्या ट्युनेल पद्धतीने किंवा सक्रिय कॅस्पेस-३ च्या अँटीबॉडीने पाहिले, तर एका कापात मरणाऱ्या पेशी मोजक्याच हाती लागतात. दादरच्या पुलावरचा एका क्षणाचा फोटो पाहून दिवसभरात किती माणसे गेली हे सांगता येत नाही, तसेच हे आहे. थोड्या पेशी दिसल्या म्हणून मृत्यू कमी होतोय असे म्हणता येत नाही. उलट महिनोन्‌महिने दर तासाला थोड्या थोड्या मरत राहिल्या, तरी एपिथेलियम पातळ होऊन व्रण पडायला ते पुरते. सिव्हाट बॉडी त्या मानाने जास्त काळ टिकतात, पण त्यांत कॅस्पेस बहुधा विझलेले असते; उरलेले असते ते केराटिन आणि त्याला चिकटलेली आयजीएम अँटीबॉडी. थेट इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये आयजीएमचे हिरवे गोळे दिसतात ते हेच. त्यामुळे ‘सिव्हाट बॉडीमध्ये कॅस्पेस-३ निगेटिव्ह, म्हणून हा अ‍ॅपॉप्टोसिस नाही’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

आता मरायला तयार नसलेल्या पेशीकडे येते. संसर्ग संपला की एरवी लढाईला जमलेल्या टी-पेशींपैकी बहुतेक अ‍ॅपॉप्टोसिसने नाहीशा होतात आणि दाह विझतो. लायकेन प्लॅनसमध्ये तसे घडताना दिसत नाही. नॉर्वेतील बर्गेनच्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात एपिथेलियममध्ये पेशीमृत्यू वाढलेला आढळला, पण खालच्या पट्ट्यातील लिम्फोसाइटमध्ये तो अगदी तुरळक होता. त्यांच्यातील बीसीएल-२ पाहता याचे नवल वाटत नाही. माझ्या दृष्टीने या आजाराच्या चिवटपणाची किल्ली इथे आहे. केराटिनोसाइट मरते म्हणून व्रण पडतो, पण लिम्फोसाइट मरत नाही म्हणून तो दहा वर्षांनीही तिथेच असतो. उपचाराकडे पाहिले तरी हे जुळते. क्लोबेटासोल किंवा ट्रायमसिनोलोन ही तोंडात लावायची स्टेरॉइड सूज उतरवतात हे सगळ्यांना ठाऊक असते. स्टेरॉइडचा एक थेट परिणाम टी-पेशींना अ‍ॅपॉप्टोसिसकडे ढकलण्याचाही आहे, हे कमी वेळा सांगितले जाते. मलम थांबवले की काही आठवड्यांत आग परत येते, कारण पट्टा विरळ झालेला असतो, संपलेला नसतो.

या चक्राला आणखी एक बाजू आहे, ती बेसमेंट मेम्ब्रेनची. तळथरातील केराटिनोसाइट ज्या पातळ पटलावर उभी असते त्याच्याकडून तिला जगत राहण्याचा संदेश सतत मिळत असतो, आणि ते पटल बनवण्यात तिचाही हात असतो. टी-पेशींमधून निघालेले एमएमपी-९ सारखे विकर ते पटल कुरतडतात. पटल फाटले की पेशीला संदेश मिळेनासा होतो आणि ती मरते, ती मेली की पटलाची डागडुजी करणारी कमी होते, आणि फाटलेल्या जागेतून आणखी सीडी-८ पेशी वर चढतात. सुगरमन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ही मांडणी केली. मला ती आवडते, कारण तिच्यात सुरुवात कुणी केली हा प्रश्न महत्त्वाचा राहत नाही. एकदा फिरू लागलेले चक्र स्वतःच्याच जोरावर फिरत राहू शकते.

गेल्या काही वर्षांत चित्र थोडे गुंतागुंतीचे झाले आहे. अ‍ॅपॉप्टोसिस हा सुटसुटीत मृत्यू. पेशीतला ऐवज बाहेर सांडत नाही, म्हणून त्यातून सहसा दाह पेटत नाही. मग इतक्या सुटसुटीत मरणाभोवती इतका दाह का, हा प्रश्न जुनाच होता. त्वचेवरील लायकेन प्लॅनसच्या कामात केराटिनोसाइटमध्ये आरआयपीके-३ आणि एमएलकेएल ही प्रथिने सक्रिय झालेली दिसली, म्हणजे काही पेशी नेक्रोप्टोसिसने, पटल फुटून मरत असाव्यात. तोंडातील आजारात एनएलआरपी-३, कॅस्पेस-१ आणि गॅसडर्मिन-डी ही पायरोप्टोसिसची प्रथिने वाढल्याचे अहवाल आहेत. या दोन्ही प्रकारांत पेशी फुटते, आतला माल बाहेर येतो आणि शेजारी पेटतात. शिवाय टी-पेशींचे इंटरफेरॉन-गॅमा जॅक-स्टॅट या पेशीतल्या निरोपाच्या मार्गाने केराटिनोसाइटवर एमएचसी वर्ग-१ वाढवते आणि तिला मारेकऱ्यापुढे आणखी ठळक करून ठेवते. जॅक रोधक औषधे या आजारात वापरून पाहण्यामागचा तर्क हा आहे. नव्या विद्यार्थ्याला विषय द्यायचा झाला, तर मी बीसीएल-२ ची पन्नासावी मोजणी देण्याऐवजी एमएलकेएलचा फॉस्फेट लागलेला प्रकार आणि सीडी-८ यांची एकाच कापावरची दुहेरी रंगाई देईन. महाग पडेल, पण मारेकरी आणि मरणारी पेशी शेजारी दिसतील.

पी-५३ चा विषय वेगळा काढावा लागतो, कारण तो प्रयोगशाळेतून निघून थेट रुग्णाच्या हातात जातो. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई आपल्या मुलाबरोबर आल्या होत्या. हातात दुसऱ्या शहरातील एका खाजगी लॅबचा रिपोर्ट, त्यात लायकेन प्लॅनसच्या निदानाखाली ठळक अक्षरांत ‘पी-५३ पॉझिटिव्ह’, आणि पुढे स्पष्टीकरणाचा एक शब्द नाही. “मॅडम, हे पॉझिटिव्ह म्हणजे आईला कॅन्सर सुरू झालाय का?” हा मुलाचा पहिला प्रश्न होता. बाई काहीच बोलत नव्हत्या. इंटरनेटवर पी-५३ शोधले की पहिल्या ओळीत कर्करोगच येतो, तेव्हा त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. दोष असलाच तर अर्थ न सांगता शब्द छापणाऱ्याचा.

पी-५३ हे प्रथिन १९७९ मध्ये सापडले आणि ते कर्करोग रोखणारे आहे हे ठरायला १९८९ उजाडले. डीएनएला इजा झाली की ते पेशीला विभागणी थांबवायला लावते, दुरुस्ती जमली नाही तर बॅक्स वाढवून तिला मरायला लावते. शांत पेशीत ते बनते आणि काही मिनिटांत मोडीतही निघते, म्हणून स्लाइडवर सहसा दिसत नाही. ते दिसू लागण्याची कारणे दोन : एक तर पेशीवर ताण आहे आणि साधे, निरोगी पी-५३ कामाला लागले आहे, किंवा त्याच्या जनुकात बिघाड होऊन न मोडणारे प्रथिन साठले आहे. डीओ-७ ही नेहमीची अँटीबॉडी दोन्ही प्रकारांना सारखाच रंग देते. लायकेन प्लॅनसच्या तळथरात टी-पेशींचा मारा चालू असतो आणि मेलेल्यांची जागा भरायला उरलेल्या पेशी भराभर विभागत असतात. अशा ठिकाणी पी-५३ दिसले नाही तरच आश्चर्य वाटावे. त्यामुळे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही, रंगाची ठेवण पाहावी लागते. कुठे गडद, कुठे फिकट, मध्ये मध्ये कोरी, अशी तळथरातली विखुरलेली केंद्रके ताणाकडे बोट दाखवतात. एकाला लागून एक, सलग, सारखीच गडद केंद्रके आणि ती तळथर सोडून वर चढलेली असतील, तर मात्र डिसप्लेजिया, म्हणजे पेशींची कर्करोगाकडे झुकणारी बिघडलेली घडण, नीट शोधायला हवा. एखाद्या पट्ट्यातून पी-५३ पूर्ण गायब झाले असेल, तर तेही चांगले लक्षण नव्हे, कारण काही बिघाडांत प्रथिन तयारच होत नाही. त्या बाईंचा ब्लॉक मागवून पुन्हा काप घेतला. केंद्रके विखुरलेली होती आणि डिसप्लेजिया नव्हता.

धोका शून्य आहे असे मात्र मी त्यांना सांगितले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगी केंद्राच्या वर्गीकरणात ओरल लायकेन प्लॅनस हा कर्करोगाची शक्यता असलेल्या मुखविकारांमध्ये मोडतो, आणि वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज एक टक्क्याच्या आसपास जातो. आपल्या देशातील जुनी आकडेवारी याहून कमी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बेसिक डेंटल रिसर्च युनिट होते, ज्याच्या फली मेहता आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्यासह केरळमधील ७,६३९ ग्रामस्थांची तोंडे तपासून या आजाराचे प्रमाण १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच परंपरेतील १९८६ च्या अभ्यासात लायकेन प्लॅनसच्या ७२२ रुग्णांवर लक्ष ठेवले गेले, त्यांपैकी तिघांना कर्करोग झाला. घरोघर जाऊन, बॅटरीच्या उजेडात तोंडे पाहून जमवलेल्या या नोंदींची किंमत मला कितीतरी प्रबंधांच्या तक्त्यांपेक्षा मोठी वाटते. जिभेवरचा आजार, झिजलेला किंवा व्रण पडलेला प्रकार, तंबाखू, दारू आणि हिपॅटायटिस-सी यांनी धोका वाढतो, हे आज बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पेशी मारणाऱ्या आजारात पेशी बेलगाम कशा होतात, हे कोडे वरवर विचित्र वाटते. पण सतत मरणाऱ्या थरात सतत विभागणी चालते, दाहातून निघणारे ऑक्सिजनचे मुक्त कण डीएनएला इजा करत राहतात, आणि अशा वातावरणात जी पेशी मरणाचा हुकूम झुगारायला शिकली तिला मोकळी जागा आपोआप मिळते. तंबाखूने तिला शिकवण्याचे काम आणखी सोपे होते.

महाराष्ट्रात यात एक व्यावहारिक गुंता येतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी, तंबाखू आणि घराघरांतली मिश्री गेलेली नाही. तंबाखू-चुन्याची गोळी ज्या जागी ठेवली जाते, त्याच जागी पांढऱ्या समांतर रेषा उमटतात, ज्या लायकेन प्लॅनससारख्या दिसतात. चांदीच्या जुन्या फिलिंगला टेकलेल्या गालावर किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही तसेच दिसू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली या लायकेनॉइड विकारांतही निळा पट्टा आणि सिव्हाट बॉडी असतात. प्रबंधासाठी ब्लॉक निवडताना रुग्णाच्या केसपेपरवर सवयींची नोंद नसेल, तर तो ब्लॉक कपाटात परत ठेवावा, कारण मग आपण दोन-तीन वेगळ्या आजारांची प्रथिने एकाच नावाखाली मोजत असतो.

त्या बाईंच्या केसपेपरवर ‘तंबाखू नाही’ असे लिहिलेले होते. मिश्री लावता का, असे वेगळे विचारल्यावर त्यांनी लगेच हो म्हटले. त्यांच्या लेखी ते दात घासणे होते, व्यसन नव्हते. रेषा दोन्ही गालांत होत्या आणि जिभेच्या डाव्या कडेला एक लाल, झिजलेला पट्टा होता. मी ट्रायमसिनोलोनचे मलम, त्याबरोबर कॅन्डिडा या बुरशीसाठी क्लोट्रिमाझोल आणि ठरावीक अंतराने तपासणी, असे लिहून दिले, आणि जिभेची कड कडक लागली किंवा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर तारखेची वाट न पाहता येण्यास सांगितले. रिपोर्टवरच्या त्या ठळक ओळीखाली मी पेनाने ‘विखुरलेली केंद्रके, डिसप्लेजिया नाही’ असे लिहून सही केली. पुढच्या तपासणीला जिभेच्या कडेचा नवा फोटो जुन्याच्या शेजारी ठेवून पाहिला. लाली बरीच कमी होती, गालातल्या रेषा होत्या तशाच होत्या, आणि मिश्री दिवसातून तीन वेळांवरून एका वेळेवर आली होती.